शाल-श्रीफळ नको, महिन्यातले चार तास द्या

आमच्या गटातल्या एका मुलीने दीड महिन्यापूर्वी काम सोडलं. वय चोवीस, एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, होऊन दोन वर्षं झालेली. अपघातात, स्फोटात किंवा आत्महत्येत घरचं माणूस गेलेल्या कुटुंबांजवळ रुग्णालयात बसायचं आणि नंतर काही महिने त्यांच्या घरी जात राहायचं, हे आमच्या गटाचं काम. पगार नाही, आठवड्याला एक पाळी. जाताना तिने गटावर चार ओळी लिहिल्या: झोप लागत नाही, आईशी विनाकारण भांडण होतं, रुग्णालयाचं फाटक दिसलं की पोटात गोळा येतो, म्हणून थांबते. त्यावर जो वाद पेटला तो आता नागपूर शहरातल्या सामाजिक कामाच्या बैठकांपर्यंत पोचलाय. एक बाजू म्हणते, आम्ही सांगतच होतो, हे तज्ज्ञांचं काम आहे, हौशी माणसांनी यात पडूच नये. दुसरी म्हणते, सेवेत थकवा कसला? मनापासून करणाऱ्याला त्रास होत नसतो. दीड महिना दोन्हीकडून लिहिलं-बोललं गेलं, पण त्या मुलीला फोन करून कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही, हे आधीच कबूल करते.

माझं म्हणणं असं आहे. स्वयंसेवकांनी हे काम करावं आणि करत राहावं. त्यांच्यावाचून या शहराचं भागणार नाही. पण त्यांच्या मनाची जी झीज होते तो त्यांच्या स्वभावातला दोष नव्हे, तो कामाचा खर्च आहे. इमारतीवर चढणाऱ्या मजुराचं हेल्मेट आणि पट्टा कंत्राटदाराने द्यायचा असतो, तसा हा खर्च ही माणसं कामाला लावणाऱ्या संस्थांनी आणि शासनाने उचलायचा असतो. तो उचलायची तयारी नसेल तर त्यांनी स्वयंसेवक बोलावू नयेत.

ट्रॉमा, म्हणजे आघात, म्हटलं की नागपूरकराला मेडिकलचं, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, ट्रॉमा केअर सेंटर आठवतं, म्हणजे हाडं मोडलेली, डोक्याला मार लागलेली माणसं. त्या इमारतीच्या बाहेर पायऱ्यांवर बसलेल्यांना काय झालंय, त्यासाठी आपल्या बोलण्यात धड शब्दही नाही. ‘शॉक बसला’ म्हणतो आणि पुढे जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात, विधिमंडळाच्या अधिवेशनावर आलेल्या मोर्चात गोवारी समाजाची ११४ माणसं चेंगरून मेली. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. पण गावी परतलेल्या त्या कुटुंबांजवळ कोणी बसावं, किती दिवस, कोणत्या पद्धतीने, हे सांगणारी देशपातळीवरची मार्गदर्शक तत्त्वंही तेव्हा नव्हती. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मनोसामाजिक आधाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २००९ च्या डिसेंबरात. म्हणजे ज्याला आज आपण काम म्हणतो आहोत त्याला कागदावर जागा मिळूनही फार वर्षं झालेली नाहीत. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ जण गेले; त्याच डिसेंबरात बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले. दर वेळी मदतीचा आकडा जाहीर होतो. शेजारी बसणाऱ्याची तरतूद जाहीर झालेली मी ऐकली नाही.

आता तज्ज्ञांची बाजू. ती मी आधी घेते, कारण दोहोंत तीच जास्त भक्कम आहे, आणि तिचा पुरावा माझ्या स्वतःच्या हातून घडलेला आहे. कामाच्या पहिल्याच वर्षी एक बाई माझ्यासमोर होती. भाऊ दुचाकी चालवत होता, ती मागे बसलेली. भाऊ गेला, ही वाचली. मन मोकळं झालं की हलकं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिने सांगितलं. मध्येच थांबली तर मी म्हणाले, बोला, बोला. रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलच्या वासापाशी आली तेव्हा तिचे हात थरथरायला लागले आणि ती तिथेच ओकली. तिच्या सासूने तिला माझ्यासमोरून उठवून नेलं आणि ते योग्यच केलं. नंतर मला कळलं की जगभर हे करून पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत आपत्तीनंतर माणसांना एका बैठकीत सगळं बोलायला लावायची पद्धत निघाली, पोलीस, अग्निशमन दल, बँका, सगळीकडे पसरली. २००२ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्याने उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तर निष्कर्ष असा की अशा एकाच बैठकीने पुढचा आजार टळत नाही आणि काहींची अवस्था उलट बिघडते. तेव्हा, चांगल्या हेतूने इजा होते हे मला कोणी शिकवायला नको. मी ती केलेली आहे.

पण हाच दाखला जरा नीट धरून पाहा. ती पद्धत हौशी लोकांनी काढलेली नव्हती. ती व्यवसायात मुरलेल्या माणसांनी काढली, पदव्या असलेल्यांनी वीसेक वर्षं राबवली. तिची चूक कशाने पकडली? कोणीतरी मोजलं म्हणून, तपासलं म्हणून, थांबून विचारलं म्हणून. पदवीने माणूस चुकायचा थांबत नाही. त्याच्या कामाकडे दुसऱ्या कोणाची नियमित नजर असेल तर चूक लवकर सापडते. आणि आमच्या गटातून गेलेल्या मुलीकडे पदवी होतीच, हे तज्ज्ञांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचं सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. हे फक्त व्यावसायिकांनीच करायचं काम नव्हे, असं ती स्पष्ट सांगते. घडलं ते खोदून विचारू नका, हेही सांगते. म्हणजे मी त्या बाईशी जे केलं ते या पुस्तिकेतल्या पहिल्या धड्यालाच चुकलं असतं. तो धडा मला कोणीही दोन दिवसांत शिकवला असता. सात वर्षांचं शिक्षण लागलं नसतं.

विदर्भातल्या माणसाला तर हा वाद जुनाच वाटायला हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायचा प्रयोग केला. त्यात गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या आणि जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शनसुद्धा त्याच देऊ लागल्या. तेव्हा काय कमी ओरड झाली? दहावीसुद्धा नसलेल्या बाईच्या हातात सुई? १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. मनाच्या आजारांचंही तेच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, प्रशिक्षित साधे समुपदेशक आणि गंभीर रुग्णासाठी मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशात वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. या आकड्यासमोर उभं राहून ‘फक्त तज्ज्ञांनीच’ म्हणणं म्हणजे बहुतेकांना ‘कोणीच नाही’ म्हणणं आहे.

फक्त एक गोष्ट विसरू नये. गडचिरोलीतली आरोग्यदूत एकटी नव्हती. तिच्या नोंदी कोणी तरी येऊन तपासत होतं, अडलं तर विचारायला माणूस होता. आपण त्या कथेतली बाई उचलतो आणि तिच्या मागची व्यवस्था तिथेच सोडून येतो.

इथून दुसऱ्या बाजूकडे येते. सेवेत थकवा कसला? नागपूरला स्वयंसेवक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रेशीमबागेपासून दीक्षाभूमीपर्यंत हे शहर स्वयंसेवकांवरच चालतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसांना पाणी, जेवण, औषध देणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे. सेवाभावात ताकद असते हे मी नाकारत नाही. आपण करतो त्याला अर्थ आहे असं वाटणारा माणूस या कामात जास्त टिकतो, हेही खरंच. पण अर्थ असणं आणि इजा न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वादात सावित्रीबाईंचं नाव कोणी तरी आणणार होतंच, आणि आणलं: पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला त्या गेल्या, मग तुम्हाला झोप लागत नाही याचं एवढं काय? मला या युक्तिवादाची चीड येते. सावित्रीबाई रुग्णांना उचलून कुठे नेत होत्या? डॉक्टर झालेल्या यशवंतच्या दवाखान्यात, गावाबाहेर मुद्दाम थाटलेल्या. फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा बाळंतपणासाठी जागा केली, गुप्ततेचा नियम केला, लोकांना कळावं म्हणून जाहिराती लावल्या. त्यांनी आयुष्यभर संस्था उभ्या केल्या आणि आपण त्यांच्याकडून फक्त मरण शिकायचं?

ही झीज नेमकी कशी असते ते सांगितल्याशिवाय हा वाद हवेतच राहील. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. शवागाराबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा आहे, तिथे मी काटोलकडच्या एका शेतकऱ्याजवळ बसले होते. मुलगा हायवेवर गेलेला. शवविच्छेदनाला वेळ लागत होता. पोलिसांनी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचं सामान दिलं होतं: पाकीट, काच फुटलेला मोबाइल, आणि एक चप्पल. एकच. तो ती मांडीवर घेऊन बसला होता आणि मला विचारत होता, “बाई, दुसरी कुठी हाय?” मी म्हणाले, नाही सापडली, भाऊ. दोन मिनिटांनी पुन्हा, “दुसरी कुठी हाय व?” पाऊण तास. वीस वेळा तरी विचारलं असेल. एव्हाना मी शिकले होते, त्यामुळे ‘जाऊ द्या आता’ म्हणाले नाही, ‘देवाची मर्जी’ म्हणाले नाही. प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं, तेवढ्याच आवाजात. नाही सापडली, भाऊ.

मग दुसरं एक कुटुंब आलं. म्हातारा माणूस, हातात फॉर्म, हात इतका कापत होता की अक्षर उमटेना. हा माझ्या शेजारचा माणूस त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला. मग उठला. माझ्याकडे पेन मागितला, त्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला आणि त्याचा फॉर्म लिहू लागला. नाव काय, गाव कोणतं. “पंचनाम्याच्या दोन झेरॉक्स काढा बाबा, एक इथंच ठेवून घेतात.” चप्पल तशीच काखेत होती.

या कामात काय मिळतं असं मला विचारतात तेव्हा मी हे सांगते. पुण्य माहीत नाही, आभार तर क्वचितच मिळतात आणि ते मिळूही नयेत, कारण त्या दिवशी आभार मानायची शक्ती कोणाकडे असते? पण पूर्ण कोसळलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी उठून उभं राहताना हातभर अंतरावरून बघायला मिळतं. एकदा बघितलं की आपल्या घरातल्या दुखण्यांकडे, आजाराकडे, म्हातारपणाकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. माझी आई गेली तेव्हा मी मोडले नाही याचं श्रेय मी अशा अनोळखी माणसांना देते. अभ्यासकांनीही हे टिपलंय. कोलंबियात राजकीय हिंसेच्या बळींवर उपचार करणाऱ्यांशी बोलून संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं की दुसऱ्याच्या आघाताची जशी लागण होते तशी त्याच्या उभारीचीही होते. लागण दोन्हीची, वाट एकच. म्हणून ‘मन घट्ट करा, गुंतू नका’ हा जो सल्ला नव्या मुलांना सर्रास दिला जातो तो मला पटत नाही. ज्याने दार लावून घेतलं त्याला चप्पल टोचणार नाही हे खरं, पण तो पेन मागणारा हातही त्याला दिसणार नाही, आणि दार लावून बसलेल्या माणसाजवळ कोणाला बरंही वाटत नाही.

टोचलं ते असं. त्या रात्रीपासून मी घराच्या दारातल्या चपला मोजायला लागले. मुलीच्या दोन्ही आहेत ना? ती हिंगणा रोडवरच्या कॉलेजातून येईपर्यंत चार-चार फोन. रात्री दोनला उठून पुन्हा दारात. दोन महिने चाललं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण कुटुंबांची गोष्ट बाहेर न्यायची नाही हा नियम. गटात सांगितलं नाही, कारण सेवेत थकवा कसला! तेव्हा आमच्याकडे एक निवृत्त मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास यायचे, फी न घेता. ते ‘कसं वाटतंय’ असं विचारत नसत. विचारायचे, “घरी गेल्यावर काय बदललं?” मी चपलांचं सांगितलं. पुढचे तीन आठवडे त्यांनी मला घरी बसवलं आणि सहा महिने अपघाताचं कुटुंब दिलं नाही. चपला मोजणं हळूहळू सुटलं. यात चमत्कार काही नव्हता. वेळेवर विचारणारं कोणी तरी होतं, इतकंच.

गेल्या वर्षी ते डॉक्टर मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या जागी कोणी तरी हवं, महिन्याचे ते चार तास, त्याची रीतसर फी, एवढं मागणं घेऊन आम्ही आमच्या एका मोठ्या देणगीदाराकडे गेलो. उत्तर आलं की चर्चेसाठी पैसे देता येणार नाहीत, पण स्वयंसेवकांचा सत्कार करायची इच्छा आहे. समारंभ झाला. प्रत्येकीला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. हॉल, मांडव, जेवण. त्या दिवशीच्या एकूण खर्चात वर्षभराचे चार-चार तास निघाले असते. ती मुलगी त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्यात आली. म्हणजे तिच्या वाट्याला ते दोन तास एकदाही आले नाहीत. तज्ज्ञ म्हणतात पदवी कमी पडली, सेवाभावी म्हणतात भावना कमी पडली. माझ्या हिशेबाने कमी पडलं ते हे.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण यात फार गुंता नाही. मानधन दिलं की जबाबदारी येते, आणि फुकट कामात फक्त सवड असलेल्या घरांतल्याच बाया उरतात, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या गटाकडे पाहिलं तरी ते दिसतं. तरी पगार हे याचं उत्तर नाही असं मला वाटतं. रिक्षाचं भाडं, रात्रीच्या पाळीला गाडी, जेवण आणि ते चार तास, एवढं मिळालं तर मोलमजुरी करणाऱ्या बाईलाही यात येता येईल. मात्र स्वयंसेवक म्हणजे रिकाम्या पदांवरचा स्वस्त तोडगा, असं शासनाने समजू नये. आशा सेविकांचं उदाहरण समोर आहे. त्यांची योजना २००५ मध्ये सुरू झाली, आता देशभर गावोगाव आरोग्यसेवा त्यांच्या पायांवर चालते, शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन ताण ओळखायचं कामही त्यांच्याकडेच आलं, आणि पगार मागितला की त्यांना सांगतात, तुम्ही तर स्वयंसेविका. एका शब्दात किती वेतन बुडवता येतं ते त्यांना विचारा.

साथ देणारा माणूस आणि तज्ज्ञ यांत भांडण लावायचं कारणच नाही, हे लंडनमध्ये सत्तर वर्षांपूर्वी चॅड व्हारा नावाच्या पाद्रीने पाहिलं होतं. १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी त्याने फोनसेवा सुरू केली. लोक इतके येऊ लागले की बाहेरच्या खोलीत त्यांना चहा देऊन जवळ बसायला त्याने साधी माणसं ठेवली. बऱ्याच जणांना तिथेच इतकं बरं वाटायचं की ते आत त्याच्याकडे यायचेच नाहीत. काही महिन्यांत त्याने ऐकण्याचं काम त्या चहावाल्यांकडेच सोपवलं आणि स्वतः त्यांना निवडण्याचं, घडवण्याचं, सांभाळण्याचं काम घेतलं. आपल्याकडे पहिली अर्धी गोष्ट सगळ्यांना हवी आहे.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी त्या मुलीकडे गेले. नंदनवनातलं घर, आई चहा ठेवायला आत गेली. मी विचारलं, घरी आल्यावर काय बदललं? ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने मला विचारलं, ताई, बुटीबोरीच्या त्या आजींचं पुढे काय झालं? नातू गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या. तिची तिथली भेट ही तिची शेवटची. पुढे कोणी गेलं का, आजी जेवतात का, शेजारची बाई डबा देते म्हणाली होती ती देते का, हे तिला कुठूनच कळलं नव्हतं. पूर्वी या बातम्या त्या दोन तासांत एकमेकींना कळायच्या. घरी येऊन मी नोंदवही काढली. आजींच्या पानावर शेवटची नोंद तिच्याच हातची होती. सोमवारी मी बुटीबोरीला जाणार आहे, आणि तिथून निघाल्याबरोबर तिला फोन करणार आहे.